पुढच्यास ठेच, मागचा शहाणा : सर ह्यू केर्न्स यांचे चरित्र

बेळगावहून निपाणीस जाणारा रस्ता आपल्या भागातील लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे. सुमारे ७५ किलोमीटरचा हा मार्ग हत्तरगी व संकेश्वर मागे टाकून, तवंदीचा घाट ओलांडून निपाणीस पोहोचतो आणि तेथून कागलवरून कोल्हापूरकडे निघून जातो. गळिताच्या हंगामात या रस्त्यावर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या संथपणे चाललेल्या असतात. अवजड मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस सुरू असते. आणि या साऱ्यांच्या मधून वाट काढीत मोटारसायकली धावत असतात. त्यांवर बसलेल्यांपैकी कित्येकांचे हेल्मेट डोक्यावर नसून कोपराला अडकविलेले किंवा आरशावर टांगलेले दिसते.

अपघाताची वार्ता आपल्याला नवी नाही. ती कानी आली म्हणजे आपण क्षणभर हळहळतो, नशिबाला बोल लावतो आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीप्रमाणेच गाडी सुरू करतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे खरी. परंतु मागचा मनुष्य आपोआप शहाणा होत नाही. ठेच कशामुळे लागली, हे कोणीतरी खाली वाकून पाहावे लागते आणि जे दिसले ते मागून येणाऱ्यांना सांगावे लागते. मोटारसायकलीच्या अपघातांच्या बाबतीत हे काम ज्यांनी सर्वांत चिकाटीने केले, त्या सर ह्यू केर्न्स नावाच्या शल्यविशारदाचे चरित्र विद्यार्थीमित्रांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

ह्यू विल्यम बेल केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या गावी झाला. वडील मूळचे स्कॉटलंडचे. उदरनिर्वाहासाठी सातासमुद्रापार आलेले आणि सुतारकाम करून प्रपंच चालविणारे. घरची स्थिती बेताची होती. ह्यू लहान असतानाच हे कुटुंब रिव्हरटन नावाच्या खेडेवजा गावी येऊन राहिले आणि तेथील साध्या शाळेत त्याच्या शिक्षणास प्रारंभ झाला. मुलगा बुद्धिमान होता. त्याहीपेक्षा तो कष्टाळू होता. शिष्यवृत्ती मिळवून तो ॲडलेड शहरातील हायस्कुलात दाखल झाला व तेथून तेथील विश्वविद्यालयात वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागला. ज्या घरात रंधा आणि करवत हीच उपजीविकेची साधने होती, त्या घरातील मुलगा पुढे जगातील अत्यंत नाजूक शस्त्रक्रिया करणार होता. हातात घेतलेले काम मापात व नेटके करावयाचे, हा कारागिराच्या घरचा संस्कार त्याच्या ठायी जन्मभर दिसून आला.

शिक्षण चालू असतानाच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. दुसऱ्या वर्षी केर्न्स साधा शिपाई म्हणून लष्कराच्या वैद्यकीय दलात भरती झाले. गॅलिपोलीच्या रणभूमीवरील जखमी व आजारी सैनिकांना जेथे आणले जाई, त्या लेम्नॉस बेटावरील ऑस्ट्रेलियन रुग्णालयात त्यांनी सेवा केली. अजून डॉक्टर न झालेल्या या तरुणाने तेथे जखमा पाहिल्या, वेदना पाहिल्या आणि उपाय हाताशी नसल्यामुळे हताश होणारे वैद्यही पाहिले. मायदेशी परत येऊन १९१७ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. त्याच वर्षी त्यांना मानाची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली. तथापि युद्ध संपलेले नव्हते. आता ते डॉक्टर म्हणून पुन्हा लष्करात गेले, फ्रान्समध्ये त्यांनी काम केले आणि शांतता झाल्यावर १९१९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात प्रवेश घेतला.

केर्न्स केवळ पुस्तकात डोके खुपसून बसणारे विद्यार्थी नव्हते. शरीर धिप्पाड आणि दमदार असल्यामुळे १९२० साली ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्यामध्ये झालेल्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत ऑक्सफर्डच्या चमूत त्यांची निवड झाली. त्या वर्षी विजय मात्र केंब्रिजने मिळविला. पुढच्याच वर्षी बॅलिओलचे प्रमुख ए. एल. स्मिथ यांची कन्या बार्बरा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लंडन येथील रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी कामास आरंभ केला आणि थोड्याच काळात एक कुशल हात म्हणून त्यांचे नाव झाले.

त्या काळी मेंदूवरील शस्त्रक्रिया ही जवळजवळ अखेरची आशा मानली जात असे. कवटी उघडल्यावर रक्तस्राव आवरणे कठीण, जंतुदोषाचे भय मोठे आणि मेंदूतील कोणता भाग कोणते कार्य करतो याची माहिती तुटपुंजी. या शास्त्राचे सर्वांत थोर गुरू अमेरिकेत बोस्टन येथे होते. त्यांचे नाव हार्वे कुशिंग. रॉकफेलर विद्यावेतन घेऊन १९२६ मध्ये केर्न्स त्यांच्याकडे गेले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात कुशिंग यांचा थोरला मुलगा मोटारीच्या अपघातात मरण पावला होता. ती वार्ता समजल्यानंतरही त्या दिवशी ठरलेली शस्त्रक्रिया कुशिंग यांनी पार पाडली होती. अशा गुरूच्या हाताखाली केर्न्स यांनी सुमारे एक वर्ष काढले. घाई न करणे, एकेक रक्तवाहिनी बांधीत पुढे जाणे आणि प्रत्येक रुग्णाची साद्यंत नोंद ठेवणे हे तीन धडे त्यांनी तेथे गिरविले. त्यांपैकी तिसरा धडाच पुढे सहस्रावधी तरुणांच्या उपयोगी पडला.

इंग्लंडला परतल्यावर केर्न्स यांनी मज्जासंस्थेच्या शल्यचिकित्सेस स्वतःला वाहून घेतले. एकेका शस्त्रक्रियेस तासामागून तास लागत. आरंभी अपयश पुष्कळ आले. परंतु नोंदी तपासून, चुका शोधून आणि पद्धत सुधारून त्यांनी आपले यश वाढवीत नेले. पाचसात वर्षांत इंग्लंडमधील अग्रगण्य मेंदू-शल्यविशारदांत त्यांची गणना होऊ लागली. अशा स्थितीत मे १९३५ मध्ये डॉर्सेट परगण्यातील बोव्हिंग्टन येथील लष्करी रुग्णालयात असलेल्या एका रुग्णासाठी त्यांना पाचारण करण्यात आले.

तो रुग्ण कोणी सामान्य मनुष्य नव्हता. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून ज्याचे नाव जगभर गाजले, तो टी. ई. लॉरेन्स हाच तो. पहिल्या महायुद्धात तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या अरबांच्या बरोबर उंटावर बसून वाळवंट तुडविणारा, लोहमार्ग उडवून देणारा आणि युद्धानंतर कीर्तीस कंटाळून नाव बदलून विमानदलात साधा सैनिक झालेला हा विलक्षण पुरुष. १९२७ व १९२८ ही दोन वर्षे त्याने त्या वेळच्या हिंदुस्थानात, कराची आणि वायव्य सरहद्दीवरील मिरामशाह येथे काढली होती व जानेवारी १९२९ मध्ये मुंबई बंदरातूनच तो परत गेला होता. लॉरेन्सला एकच शोक होता. तो म्हणजे मोटारसायकलीचा. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ यांच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ब्रफ सुपीरियर या महागड्या व वेगवान गाड्या त्याने एकामागून एक सात वापरल्या आणि आठवी मागविली होती. इंग्लंडमधील रस्ते त्याने हजारो मैल पालथे घातले होते. गाडी हाकण्यात त्याच्याइतके वाकबगार लोक थोडेच असतील.

१३ मे १९३५ रोजी बोव्हिंग्टनच्या डाकघरातून तार करून लॉरेन्स आपल्या क्लाउड्स हिल या झोपडीवजा घरी परत निघाला. अंतर अगदी थोडे. रस्ता ओळखीचा, परंतु उंचसखल होता. एका उतारामागील सखल भागात सायकलीवरून दोन मुले चालली होती. ती त्याच्या दृष्टीस वेळेवर पडली नाहीत. पडली तेव्हा त्यांना वाचविण्यासाठी त्याने गाडी वळविली. एका सायकलीस गाडीचा स्पर्श झाला, तोल गेला आणि लॉरेन्स पुढच्या बाजूने रस्त्यावर फेकला गेला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असल्याचे मागाहून आढळले. म्हणजे त्या बलाढ्य यंत्राच्या मानाने वेग फार नसावा. मुलांना भारी इजा झाली नाही. लॉरेन्सच्या डोक्यावर मात्र हेल्मेट नव्हते, आणि सारा आघात त्याच्या मस्तकावर आला.

सहा दिवस तो बेशुद्ध होता. केर्न्स यांच्यासह नामांकित वैद्य त्याच्या उशाशी जमले. परंतु मेंदूस झालेली इजा अशी होती की जगातील कोणत्याही शल्यविशारदाने ती भरून काढणे शक्य नव्हते. १९ मे १९३५ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, लॉरेन्सचा अंत झाला. वाळवंटात शत्रूच्या गोळ्यांतून वाचलेला हा वीर आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका साध्या रस्त्यावर गेला.

ज्याने आयुष्यभर हात तयार केला, त्या शल्यविशारदाने अशा वेळी काय करावे? कित्येकांनी दैवाचा खेळ म्हणून मान हलविली असती. केर्न्स यांच्या मनात निराळा विचार आला. शस्त्रक्रियेचे कौशल्य अपघातानंतर सुरू होते. तोपर्यंत मेंदूची हानी होऊन गेलेली असते. तेव्हा डोक्याला होणारी इजा मुळातच टाळता येईल काय, हा खरा प्रश्न होता. लॉरेन्सच्या मृत्यूनेच केर्न्स यांना या मार्गास लावले, असे वैद्यकशास्त्राच्या इतिहासकारांचे मत आहे.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हेल्मेट ही केर्न्स यांची निर्मिती नव्हे. १९१४ सालीच ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावरील डॉक्टर एरिक गार्डनर यांनी कॅनव्हासवर लाखेचे थर देऊन तयार केलेली टणक टोपी पुढे आणली होती आणि आयल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतीत ती सक्तीची झाली होती. पण ती शर्यतीतील स्वारांची वस्तू मानली जाई. रोज कामावर जाणाऱ्या सामान्य मनुष्यास तिची गरज आहे असे कोणास वाटत नव्हते. ती गरज आकड्यांनी सिद्ध करणे, हे केर्न्स यांचे कार्य होय.

त्यासाठी लागणारे स्थान त्यांना १९३७ मध्ये मिळाले. मोटारींच्या व्यवसायात अपार संपत्ती मिळविलेले लॉर्ड नफील्ड यांनी १९३६ मध्ये ऑक्सफर्ड विश्वविद्यालयाला वैद्यकीय संशोधनासाठी २० लाख पौंडांची देणगी दिली. ऑक्सफर्डमध्ये असे विद्यालय व्हावे यासाठी केर्न्स यांनी आधीपासून खटपट केली होती. ते तेथील शल्यचिकित्सेचे पहिले नफील्ड प्राध्यापक झाले. सायकली व मोटारसायकली दुरुस्त करण्यापासून ज्यांच्या व्यवसायाला प्रारंभ झाला, त्या नफील्ड यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अध्यासनावर बसून केर्न्स मोटारसायकलीवरून पडलेल्यांचा अभ्यास करू लागले, हा योगायोग मोठा लक्षणीय आहे.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. बॉम्बहल्ल्याच्या भयाने रात्रीचे दिवे मालविण्यात आले. पेट्रोलची टंचाई असल्याने खाजगी वाहने कमी झाली, पण लष्करी निरोप पोहोचविणारे तरुण मोटारसायकलस्वार काळोखातून भरधाव जाऊ लागले. १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथील सेंट ह्यूज महाविद्यालयाच्या वास्तूत केर्न्स यांच्या देखरेखीखाली डोक्याच्या जखमांसाठी खास लष्करी रुग्णालय उघडण्यात आले. युद्धकाळात तेथे १३ हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. केर्न्स यांना असे आढळले की, तेथे येणाऱ्यांत शत्रूच्या गोळीने जखमी झालेले जितके लक्ष वेधून घेत, तितकेच मोटारसायकलीवरून पडलेलेही घेत. युद्धभूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच ही उमदी मुले स्वदेशातील रस्त्यांवर प्राण गमावीत होती.

गुरूने शिकविल्याप्रमाणे केर्न्स यांनी मोजमाप केले. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे मृत्युमुखी पडले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ही संख्या २,२७९ झाली. म्हणजे शेकडा २१ ची वाढ. या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण डोक्यास झालेली इजा हेच होते. याच्या उलट, हेल्मेट घातलेले असताना डोक्यास मार बसलेले अवघे ७ स्वार त्यांच्या पाहण्यात आले आणि त्या सातांपैकी एकही दगावला नाही. कित्येकांच्या हेल्मेटवर आघाताच्या खुणा होत्या, पण आतील मस्तक बचावले होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हा लेख प्रसिद्ध केला. सात ही संख्या लहान आहे, हे केर्न्स यांना चांगले ठाऊक होते. म्हणून त्यांनी अतिशयोक्ती केली नाही; जे पाहिले ते मांडले आणि पुढील निरीक्षण चालू ठेवले.

परिणाम त्वरित झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने कामावर असलेल्या सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. १९४३ मध्ये हेल्मेट घातलेल्या १०६ अपघातग्रस्तांचा अभ्यास केर्न्स यांनी प्रसिद्ध केला आणि १९४६ च्या लेखात युद्धकाळातील मृत्यूंचे मासिक आकडे मांडून मृत्यू कसे उतरत गेले हे दाखविले. आता हा एका वैद्याचा अंदाज राहिला नव्हता. तो अनुभवाने पारखलेला सिद्धांत झाला होता.

हेल्मेट नेमके करते काय, हे समजून घेणे विद्यार्थ्यांना अवघड नाही. मेंदू सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाचा, अत्यंत मऊ असा अवयव असून तो कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. समजा, गाडीवरून पडताना मस्तक दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आपटले. गाडीचा पुढे जाण्याचा वेग बाजूस ठेवला, तरी केवळ पडण्यामुळे त्याचा वेग ताशी सुमारे १९ किलोमीटर होतो. उघडे मस्तक दगडावर आपटून अवघ्या ३ मिलिमीटरांत थांबले, तर त्यावर येणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट होतो. तेच मस्तक हेल्मेटच्या आतील अस्तर दबून अडीच सेंटिमीटरांत थांबले, तर धक्का सुमारे ६० पटींवर येतो. वेग तोच, मनुष्य तोच, रस्ताही तोच. फरक फक्त थांबण्यासाठी मिळालेल्या दोनअडीच सेंटिमीटरांचा. बाहेरचे टणक कवच आघात एका बिंदूवर न राहू देता पसरविते आणि आतील अस्तर स्वतः चुरडून थांबण्याचे अंतर वाढविते. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. त्याचे अस्तर आपले काम करून संपलेले असते.

केर्न्स यांच्याबरोबर ऑक्सफर्डमध्ये होलबर्न नावाचे एक पदार्थवैज्ञानिक काम करीत. कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून त्यांनी आघातांचे प्रयोग केले आणि १९४३ मध्ये असे दाखविले की, मस्तकास अकस्मात गिरकी बसल्यानेही आतील मऊ मेंदू ताणला व फाटला जातो. बाहेर रक्ताचा थेंबही नसताना मनुष्य बेशुद्ध का पडतो, याचा उलगडा यामुळे झाला. म्हणून अपघातानंतर जखम दिसत नाही एवढ्यावरून निश्चिंत राहणे धोक्याचे असते. गुंगी, वांती किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली, तर रुग्णास तात्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

केर्न्स यांचे कार्य एवढ्यावरच थांबले नाही. रणभूमीजवळच मेंदूवर शस्त्रक्रिया करता यावी म्हणून त्यांनी मोटारींतून फिरणारी शल्यपथके उभारली. उत्तर आफ्रिकेच्या व इटलीच्या रणांगणावर ही पथके सैन्यामागोमाग जात. याच रणांगणांवर बेळगाव ज्यांचे माहेरघर आहे, त्या मराठा पलटणींनीही पराक्रम गाजविला होता. १९४३ मध्ये आपल्याच प्रांतात जन्मलेले मित्र हॉवर्ड फ्लोरी यांच्यासमवेत केर्न्स उत्तर आफ्रिकेत गेले आणि नव्यानेच हाती आलेल्या पेनिसिलिनचा उपयोग त्यांनी युद्धातील जखमांवर करून पाहिला. डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे विजयी सेनापती जनरल पॅटन यांची मोटार जर्मनीत एका मालमोटारीवर आदळली व त्यांचा मणका मोडला; तेव्हाही केर्न्स यांनाच विमानाने बोलाविण्यात आले. लॉरेन्सप्रमाणेच पॅटनही वाचू शकले नाहीत. युद्धातून सुखरूप पार पडलेला आणखी एक योद्धा रस्त्यावर पडलेला केर्न्स यांनी पाहिला. १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

इतका मान मिळाला तरी त्यांच्या दिनक्रमात पालट झाला नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत रुग्ण, विद्यार्थी आणि नोंदी यांत ते गढलेले असत. त्यांनी घडविलेले शिष्य निरनिराळ्या देशांत गेले व तेथे मेंदू-शल्यचिकित्सेचे विभाग उभे राहिले. परंतु कर्करोगाने त्यांना ग्रासले आणि १८ जुलै १९५२ रोजी, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे त्यांचे देहावसान झाले.

सामान्य नागरिकांसाठी हेल्मेटचा कायदा व्हावा, हे त्यांच्या कार्याचे फळ त्यांना पाहावयास मिळाले नाही. लष्कराने जे एका महिन्यात मान्य केले, ते लोकांच्या गळी उतरण्यास कित्येक वर्षे लागली. डोके माझे, त्याचे बरेवाईट मी पाहीन, असा युक्तिवाद तेथेही पुष्कळांनी केला. अखेर १ जून १९७३ रोजी, लॉरेन्सच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी, ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. आपल्या देशातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने ते बंधनकारक केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील सर्वांना, म्हणजे मागे बसणाऱ्यांनाही, ही आज्ञा लागू केली असून फेटा बांधणाऱ्या शीख बांधवांना तीतून सूट आहे.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. लॉरेन्सच्या अपघाताकडे पाहिले असता त्यातून निघणारे बोध बेळगाव-निपाणीच्या मार्गासही तंतोतंत लागू पडतात. पहिला बोध असा की, चढाच्या पलीकडे काय आहे हे दिसत नसेल, तर तेथे काहीतरी आहे असेच समजून वेग आवरावा. घाटातील वळणामागे, पावसाळ्यातील धुक्यात किंवा रात्रीच्या अंधारात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असू शकते. दुसरा बोध असा की, कौशल्य हे कवच नव्हे. लॉरेन्सपाशी कौशल्याची वाण नव्हती; तरीही दुसऱ्याची चूक, मध्येच आलेले जनावर किंवा सांडलेली खडी यांवर कोणाच्याही कौशल्याची सत्ता चालत नाही. तिसरा बोध असा की, जवळच तर जावयाचे आहे, ही सबब घातक आहे. लॉरेन्स डाकघरापर्यंतच गेला होता. आपणही शेताकडे, बाजाराकडे किंवा शिकवणीला जाताना हीच सबब पुढे करतो.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांच्या कानी घालणे आवश्यक वाटते. हेल्मेट विकत घेतले म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. त्यावर भारतीय मानकाची खूण असावी, ते डोक्यास घट्ट बसावे आणि हनुवटीखालील पट्टा आवळलेला असावा. पट्टा सुटा असेल तर पडतानाच ते उडून जाते आणि मस्तक उघडे पडते. गिअरच्या मोटारसायकलीस परवाना अठरा वर्षे पुरी झाल्यावरच मिळतो, हा नियमही मुलांची हौस मोडण्यासाठी केलेला नाही. अंगात बळ लवकर येते. समोरचा धोका ओळखण्याची दृष्टी येण्यास अधिक काळ लागतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणारा पालक त्याचे लाड करतो असे नव्हे, तर स्वतःचा धाक व त्याचे संरक्षण दोन्ही सोडून देतो.

केर्न्स यांनी आपल्या हातांनी असंख्य मेंदूंवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी पुष्कळ रुग्णांना जीवदान दिले. परंतु ज्यांना शस्त्रक्रियेच्या मेजावर कधी यावेच लागले नाही, अशा लोकांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. त्या लोकांना केर्न्स हे नावही ठाऊक नसते. ते पडतात, उठतात, कपड्यांवरची धूळ झटकतात आणि घरी येऊन जेवावयास बसतात. सुताराच्या या मुलाचे खरे स्मारक हेच होय.

लॉरेन्सला स्वतःच्या अपघातापासून काही शिकता आले नाही. त्याला तेवढा अवधी मिळाला नाही. त्याच्या वतीने केर्न्स शिकले आणि ते ज्ञान त्यांनी आपल्यापर्यंत आणून पोहोचविले. ते आपल्या हाती आले आहे. आता कोपराला अडकविलेले हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा आवळणे, एवढेच काय ते आपणाकडे उरले आहे.